सायकलींच्या शर्यतींचा वेग कां वाढला ?

श्रोतेहो, फ्रान्स देशामध्यें दर वर्षीं उन्हाळ्यांत ‘तूर द फ्रान्स’ ह्या नांवाची सायकलींची एक मोठी शर्यत होत असते. ती इ. स. १९०३ सालीं पहिल्यानें झाली. त्या वेळीं मोरिस गारँ हा स्वार विजयी झाला. त्याचा सरासरी वेग ताशीं २५.६७८ किलोमीटर भरला. इ. स. २०२२ सालीं डेन्मार्कच्या योनास व्हिंगेगो ह्यानें हीच शर्यत जिंकली, तेव्हां त्याचा सरासरी वेग ताशीं ४२ किलोमीटरांच्या किंचित् वर होता. म्हणजे सुमारें एकशेंवीस वर्षांत शर्यतीचा वेग दीडपटीहूनहि अधिक वाढला.

ह्या आंकड्याशेजारीं दुसरा एक आंकडा ठेवून पाहावा. इ. स. १९१२ सालीं शंभर मीटर धांवण्याचा जागतिक विक्रम १०.६ सेकंदांचा होता. २००९ सालीं उसेन बोल्ट ह्यानें तो ९.५८ सेकंदांवर आणला. जवळजवळ शंभर वर्षांत पायीं धांवणाऱ्या माणसाच्या वेगांत पडलेली भर ती एक दशांशाची. दोन्हीकडे माणूस तोच. त्याचें हृदय, त्याचीं फुप्फुसें आणि त्याच्या मांड्या त्याच. मग सायकलीवर बसतांच त्याच्या वेगांत सहा दशांशांहून अधिक भर पडावी, हें कसें ?

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाहीं. १९९९ ते २००५ ह्या सात वर्षांतील ह्या शर्यतीचे सातहि विजय लान्स आर्मस्ट्राँग ह्या अमेरिकन स्वाराच्या नांवावर होते. पुढें त्यानें निषिद्ध औषधांचें सेवन केल्याचें सिद्ध झालें आणि २०१२ सालीं ते सातहि विजय काढून घेण्यांत आले. त्या वर्षांच्या विजेत्याची जागा आजहि रिकामी आहे. तेव्हांपासून एखाद्या तरुणानें नवा उच्चांक केला कीं टाळ्या वाजविणारे हात मध्येंच थबकतात : हा वेग पायांचा कीं औषधाचा ? संशय खरा असेल तर फसवणूक उघडकीस आली पाहिजे. खोटा असेल तर एका प्रामाणिक माणसावर तो मोठाच अन्याय आहे. न्याय करावयाचा तर वेगाचा आंकडा फोडून त्यांत कोणाचा किती वांटा आहे हें पाहिलें पाहिजे. आज तेंच करण्याचा विचार आहे.

प्रथम हवेकडे वळूं. पावसाळ्याच्या तोंडीं समोरून वारा सुटला असतां ज्यानें सायकल हाकली आहे, त्याला हवा ही किती जड वस्तु आहे हें सांगावयास नको. परंतु वारा मुळींच नसला तरी वेगानें जाणारा स्वार समोरचा वारा स्वतःच उत्पन्न करीत असतो. सपाट व चांगल्या रस्त्यावरून ताशीं चाळीस किलोमीटरांच्या वेगानें एकटा जाणारा स्वार आपल्या श्रमांपैकीं सुमारें चार पंचमांश किंवा त्याहूनहि अधिक श्रम केवळ हवा बाजूस सारण्यांत खर्च करतो. चाकांचें घर्षण, सांखळीचें घर्षण ह्या सर्वांच्या वांट्यास उरलेला थोडा भाग येतो.

ह्या हवेचा हिशेब मोठा कठोर आहे. तिचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि त्या विरोधास तोंड देत पुढें जाण्यास जी शक्ति लागते ती वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट करावयाचा तर शक्ति आठपट पाहिजे. वेगांत एक दशांशाची वाढ करावयाची तरी शक्ति सुमारें एक तृतीयांशानें वाढवावी लागते. ह्याच हिशेबानें, इतर सर्व गोष्टी सारख्या धरल्या, तर ताशीं २५.७ वरून ४२ किलोमीटरांवर जाण्यास चौपटीहूनहि अधिक शक्ति हवी. गारँ हा आपल्या काळचा अव्वल दर्जाचा स्वार होता. आजचा स्वार त्याच्या चौपट बलवान आहे असें म्हणणें कोणाहि शरीरशास्त्रज्ञास मान्य होणार नाहीं. तेव्हां ‘इतर सर्व गोष्टी’ सारख्या नव्हत्या हें उघड आहे.

त्यांतली पहिली गोष्ट म्हणजे स्वाराची बसण्याची ढब. हवेला जो अडथळा होतो त्याचा सुमारें तीन चतुर्थांश भाग स्वाराच्या शरीराचा असतो, सायकलीचा नव्हे. ताठ बसलेला माणूस हा हवेच्या दृष्टीनें उघड्या दारासारखा आहे. तोच पुढें वांकला, कोपर आंत घेतले, डोकें खांद्यांच्या पातळींत आणलें, कीं दार निम्मेंअधिक मिटतें.

ह्या बाबतींत एक प्रयोग असा घडून आला आहे कीं, एखाद्या शास्त्रज्ञानें मुद्दाम मांडला असता तरी तो याहून चांगला मांडतां आला नसता. सायकलीच्या जगांत ‘एका तासाचा विक्रम’ म्हणून एक कसोटी आहे. बंदिस्त वर्तुळाकार मार्गावर एकट्या स्वारानें एक तास सायकल हाकावयाची आणि किती अंतर तोडलें तें मोजावयाचें. सोबत कोणी नाहीं, डोंगर नाहीं, वळणावळणाचा रस्ता नाहीं. १८९३ सालीं आंरी देग्रांज ह्या फ्रेंच गृहस्थानें पॅरिसमध्यें ३५.३२५ किलोमीटरांचा विक्रम केला. हेच देग्रांज पुढें वृत्तपत्राचे संपादक झाले आणि त्यांनींच १९०३ सालीं तूर द फ्रान्सची शर्यत सुरू केली. १९७२ सालीं बेल्जमचा एडी मर्क्स, ज्याला पुष्कळ जाणते लोक आजहि सर्वश्रेष्ठ स्वार मानतात, मेक्सिको शहरीं गेला. तें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें २,२०० मीटर उंचीवर असल्यामुळें तेथील हवा विरळ. तेथें त्यानें ४९.४३१ किलोमीटर तोडले.

पुढें नव्या कल्पनांचा काळ आला. १९८४ सालीं इटलीच्या फ्रांचेस्को मोझरनें आऱ्यांऐवजीं सपाट तबकडीसारखीं चाकें लावून ५१.१५१ किलोमीटर तोडले. १९९३ सालीं स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्री ह्यानें स्वतः जोडलेल्या सायकलीवर, हात छातीखालीं दुमडून, ५१.५९६ किलोमीटरांची मजल मारली. त्याच्या त्या सायकलींत कपडे धुण्याच्या यंत्राचे छर्रे बसविलेले होते. १९९६ सालीं इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमननें, पाण्यांत सूर मारणाऱ्यासारखे दोन्ही हात पुढें ताणून, मँचेस्टर येथें ५६.३७५ किलोमीटर गांठले.

आतां आंतरराष्ट्रीय सायकल-संघास अशी शंका आली कीं, विक्रम माणसाचा होत आहे कीं यंत्राचा ? संघानें २००० सालीं नियम केला कीं, ह्यापुढें हा विक्रम मर्क्सच्या काळच्या साध्या धर्तीच्या सायकलीवरच झाला पाहिजे : गोल नळ्या, आऱ्यांचीं चाकें, खालीं वांकलेलें जुनें हँडल. त्याच वर्षीं तोच बोर्डमन, त्याच मँचेस्टरच्या मार्गावर, त्या जुन्या धर्तीच्या सायकलीवर बसला. त्यानें किती अंतर तोडलें ? ४९.४४१ किलोमीटर. मर्क्सपेक्षां अवघे दहा मीटर अधिक.

माणूस तोच आणि जागा तीच असतां जवळजवळ सात किलोमीटरांचा फरक पडला. चार वर्षांनीं बोर्डमनचें वय वाढलें होतें व तो निवृत्तीच्या उंबरठ्यावर होता हें जमेस धरलें, तरी त्या सात किलोमीटरांचा मोठा भाग हात पुढें ताणण्यांत आणि चाकांच्या घडणींत होता, मांड्यांत नव्हता, हें कबूल करावें लागतें. त्याची शक्ति दोन्ही वेळां सारखी होती असें धरून घनाचा हिशेब मांडला, तर नव्या ढबीनें हवेचा अडथळा सुमारें एक तृतीयांशानें घटला असें निघतें. (मर्क्सला विरळ हवेचा लाभ होता, बोर्डमनला नव्हता, हेंहि न्यायानें सांगितलें पाहिजे.) २०१४ सालीं संघानें हा निर्बंध सैल केला, आणि २०२२ सालीं इटलीच्या फिलिप्पो गान्नानें स्वित्झर्लंडमध्यें ५६.७९२ किलोमीटर तोडले.

तासाच्या विक्रमांत स्वार एकटा असतो; रस्त्यावरच्या शर्यतींत तो शेंदीडशें स्वारांच्या घोळक्यांत असतो. फ्रेंच भाषेंत ह्या घोळक्याला ‘पेलोताँ’ म्हणतात. पुढच्यानें हवा फोडावी आणि मागच्यानें त्या आडोशानें जावें ही युक्ति सायकल चालविणाऱ्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. एका स्वाराच्या मागें अगदीं लगटून गेल्यास श्रमांची चांगली चौथाईभर तरी बचत होते. पण मोठ्या घोळक्याच्या पोटांत काय होतें ? बर्ट ब्लॉकेन ह्या शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १२१ स्वारांच्या दाट घोळक्याची गणितानें व वाऱ्याच्या बोगद्यांत ठेवलेल्या प्रतिकृतींनीं परीक्षा केली आणि आपले निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध केले. त्यांत असें दिसलें कीं, घोळक्याच्या मध्याशीं व मागील भागीं असलेल्या स्वारावर पडणारा हवेचा विरोध एकट्या स्वाराच्या मानानें एक दशांशाहूनहि कमी होऊं शकतो.

ह्याचा अर्थ असा कीं, शर्यतीचा वेग हा एका विजेत्याचा वेग नसून समुदायाचा वेग आहे. पाळीपाळीनें पुढें होऊन वारा अंगावर घेणारे साथीदार जितके अधिक व शिस्तीचे, तितका सर्वांचा वेग जास्त. १९०३ सालीं ह्या शर्यतींत साठ स्वार निघाले आणि एकवीस पॅरिसला परत पोहोंचले. रस्त्यांत ते इतके विखुरत कीं, बहुतेक वेळ प्रत्येकाला आपला वारा आपणच फोडावा लागे. आज प्रत्येक संघांत आठ स्वार असतात आणि त्यांतील बहुतेकांचें काम स्वतः जिंकण्याचें नसून आपल्या नायकास वाऱ्यापासून वांचविण्याचें असतें.

आतां रस्ता व अंतर ह्यांकडे पाहूं. जुन्या स्वारांची मानखंडना होते ती येथेंच, कारण आपण त्यांचा आंकडा पाहतों, त्यांचा रस्ता पाहत नाहीं. पहिल्या शर्यतीचें २,४२८ किलोमीटरांचें अंतर अवघ्या सहा टप्प्यांत तोडावयाचें होतें. म्हणजे एकेक टप्पा सरासरीनें चारशें किलोमीटरांचा. स्वार रात्रीं निघत आणि दुसऱ्या दिवशीं पोहोंचत. रस्ते मातीचे व खडीचे, आणि सायकलीचें वजन आजच्या दुपटीहून अधिक. पुढें तर अंतर वाढतच गेलें. १९२६ सालची शर्यत ५,७४५ किलोमीटरांची होती, आणि ती सतरा टप्प्यांत पुरी करावयाची होती. आजची शर्यत सुमारें साडेतीन हजार किलोमीटरांच्या आंतबाहेर असून तिचे एकवीस टप्पे असतात.

ह्यामुळें एक चमत्कारिक गोष्ट घडली. १९०३ नंतरच्या कित्येक शर्यतींत वेग वाढण्याऐवजीं १९०३ च्याहि खालीं राहिला. १९१० सालीं शर्यत पिरेनीजच्या उंच खिंडींतून नेण्यांत आली, त्या वेळीं तेथें केवळ गुरें नेण्याच्या वाटा होत्या. १९१९ सालीं, पहिलें महायुद्ध संपल्यावर पहिलीच शर्यत झाली, तेव्हां उत्तर फ्रान्सचे रस्ते तोफांनीं उखडलेले होते आणि टायर मिळण्याची मारामार होती. लापीझ, फाबेर व पती-ब्रतों हे तिन्ही जुने विजेते युद्धांत मरण पावले होते. त्या वर्षीं एक टप्पा ४८२ किलोमीटरांचा होता. विजेत्याचा सरासरी वेग ताशीं २४ किलोमीटरांच्या आसपास राहिला. १९२६ च्या लांबलचक शर्यतींतहि तो तितकाच होता. १९१९ चा स्वार १९०३ च्या स्वाराहून दुबळा होता, असें ह्यावरून कोण म्हणेल ?

शिवाय नियम आडवे येत. मोडलें तें स्वारानें स्वतः दुरुस्त करावें, दुसऱ्याचा हात लागतां कामा नये, असा त्या काळचा दंडक. १९१३ सालीं यूजेन क्रिस्तोफ ह्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा तूरमाले ह्या खिंडीवरून उतरतांना मोडला. पुढें असलेला हा स्वार सायकल खांद्यावर टाकून कित्येक किलोमीटर डोंगर उतरला, खालच्या गांवीं लोहाराच्या भट्टीवर त्यानें स्वतःच्या हातानें लोखंड तापवून चिमटा जोडला. आणि एका पोरानें भात्याला हात लावला म्हणून त्याला दंड झाला तो झालाच. त्याच्या त्या दिवसाच्या सरासरी वेगांत ती पायपीट व ती लोहारकी दोन्ही मिसळलेलीं आहेत. आज चाक निकामी झालें तर मागून येणारी मोटार कांहीं सेकंदांत दुसरी सायकल हातीं देते.

गिअरची कथाहि अशीच. चालत्या सायकलीवर सांखळी एका दांतेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकविण्याची युक्ति निघाली होती. परंतु देग्रांज ह्यांना ती पसंत नव्हती. माणसानें डोंगर आपल्या बळानें चढावा, यंत्राच्या युक्तीनें नव्हे, अशी त्यांची धारणा. त्यामुळें डोंगराच्या पायथ्याशीं स्वार खालीं उतरे, मागील चाक काढून उलटें बसवी आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रावर सांखळी चढवून पुढें जाई. माथ्यावर पुन्हां तोच उद्योग. देग्रांज ह्यांनीं सूत्रें खालीं ठेवल्यावर १९३७ सालीं गिअर बदलण्याच्या साधनास परवानगी मिळाली. पुढें पोलादाच्या जागीं ॲल्युमिनियम व त्यानंतर कार्बनचे धागे आले. सायकल इतकी हलकी होऊं लागली कीं, ६.८ किलोंहून हलकी सायकल शर्यतींत आणूं नये असा नियमच करावा लागला.

वारा आणि रस्ता मिळून आंकडा कसा फिरवितात ह्याचें नामी उदाहरण म्हणजे पॅरिसच्या उत्तरेहून रूबे शहरीं जाणारी एका दिवसाची शर्यत. तिच्या मार्गांत शेतांमधून जाणारे, ओबडधोबड दगडी फरसबंदीचे रस्ते येतात. १९६४ सालीं हॉलंडच्या पीटर पोस्टनें ती ताशीं ४५.१२९ किलोमीटर वेगानें जिंकली. हा उच्चांक २०१७ सालापर्यंत, म्हणजे त्रेपन्न वर्षें, कोणी मोडला नाहीं ! मधल्या काळांतील सारे स्वार पोस्टपेक्षां हलक्या प्रतीचे होते काय ? मुळींच नाहीं. पोस्टला त्या दिवशीं पाठीमागून वारा होता, आणि डांबरीकरणामुळें दगडी रस्ते कमी होत चालले होते. पुढें चालकांनीं शोध करून करून असे रस्ते पुन्हां मार्गांत घातले. आरेनबेरच्या जंगलांतील प्रसिद्ध दगडी पट्टा १९६८ सालीं आला. २०२४ सालीं मॅथ्यू व्हान डर पूलनें ती ताशीं ४७.८ किलोमीटर वेगानें जिंकली, ती मात्र त्याच दगडांवरून. हल्लीं रुंद टायरांत कमी हवा भरतात. पूर्वीं अरुंद व कडक टायर अधिक पळतो असा समज होता. खडबडीत रस्त्यावर कडक टायर प्रत्येक दगडाशीं उडतो आणि पुढें जाण्याची शक्ति वरखालीं नाचण्यांत वायां जाते. मऊ टायर दगड पोटांत घेतो. हा साधा विचार रुजण्यास शंभर वर्षें लागलीं.

इतकें सारें वजा केल्यावर उरतो तो स्वाराच्या देहाचा भाग, आणि त्यांतहि खरीखुरी प्रगति झालेली आहे. जुन्या काळीं शर्यतींत पाणी फार पिऊं नये अशी समजूत होती. स्वार तहानेनें व्याकूळ होऊन वाटेवरच्या उपाहारगृहांत शिरत व हातीं लागेल ती बाटली घेऊन पळत, आणि तींत कित्येकदां दारूहि असे. आतां देहाच्या भट्टींत दर तासाला किती साखर जळते ह्याचा अभ्यास झाला आहे. द्राक्षशर्करा व फलशर्करा ह्या आंतड्यांतून वेगवेगळ्या वाटांनीं रक्तांत जातात. त्यामुळें दोहोंचें मिश्रण घेतल्यास एकीपेक्षां अधिक साखर पचते. पूर्वीं ताशीं साठ ग्रॅम ही मर्यादा समजत. आजचे स्वार नव्वद ते एकशेंवीस ग्रॅम घेतात व तशी आंतड्यांना संवयहि लावतात. शेवटच्या तासांत पूर्वींचा स्वार गळून जात असे, आजचा तेथेंच नेट धरतो. शिवाय पायांनीं किती शक्ति लावली हें वॅटमध्यें दाखविणारें मापनयंत्र १९८० नंतरच्या दशकांत निघालें. तेव्हांपासून तालीम अंदाजाची राहिली नाहीं, हिशेबाची झाली.

आणि आतां ती अप्रिय गोष्ट. औषधांचा उपयोग ह्या शर्यतींत फार जुना आहे. १९६७ सालीं इंग्लंडचा टॉम सिम्प्सन हा माँ व्हाँतू ह्या उघड्याबोडक्या पर्वतावर भर उन्हांत कोसळून मरण पावला. त्याच्या शरीरांत उत्तेजक औषध सांपडलें. परंतु उत्तेजक औषध थकव्याची जाणीव दडपतें, मूळ शक्ति वाढवीत नाहीं. १९९० नंतर आलेलें एरिथ्रोपोएटिन हें निराळ्या जातीचें होतें. मूत्रपिंडाच्या रोग्यांना तांबड्या रक्तपेशी वाढविण्यासाठीं देण्याचें हें औषध निरोगी स्वारांनीं टोंचून घेतल्यावर त्यांचें रक्त अधिक प्राणवायु वाहूं लागलें, आणि मूळ शक्तीच वाढली. १९९८ सालीं ‘फेस्तिना’ संघाच्या मोटारींत अशीं औषधें जकातीच्या अधिकाऱ्यांना सांपडलीं, तेव्हां हा व्यवहार किती पसरला होता तें जगाला कळलें. १९८० ते १९८९ ह्या दहा वर्षांत तूर द फ्रान्सचा वेग ताशीं ३५ ते ३९ किलोमीटरांत होता. १९९९ सालीं तो पहिल्यानें चाळिसांच्या वर गेला, आणि २००५ सालीं ४१.६ झाला. पुढें परीक्षा कडक झाल्या. २००८ पासून प्रत्येक स्वाराच्या रक्ताची नोंद वर्षानुवर्षें ठेवली जाऊं लागली. त्यानंतर वेग कांहीं वर्षें ३९ ते ४१ च्या आसपास घोटाळला आणि मग पुन्हां वर चढला.

मग ह्या शेवटच्या चढाचें काय ? तो औषधाचा नव्हे अशी ग्वाही सरासरी वेग देऊं शकत नाहीं. आणि तो औषधाचाच असा आरोपहि त्यावरून करतां येत नाहीं. सरासरींत वारा, रस्ता, अंतर, घोळका, टायर, साखर सारें एकत्र कालविलेलें असतें. ह्या बाबतींत त्यांतल्या त्यांत चांगला साक्षीदार म्हणजे उभा चढ. तेथें वेग कमी, म्हणून हवेचें माहात्म्य कमी. स्वाराचें वजन आणि त्याची शक्ति ह्यांचाच मुख्य सामना. पण साक्षीदार चांगला असला तरी त्याची जबानीहि एकसारखी नाहीं. मार्को पांतानी ह्या इटालियन स्वारानें आल्प दुएझच्या एकवीस वळणांच्या घाटावर १९९७ सालीं लावलेली वेळ पुढें पंचवीस वर्षें ह्या शर्यतींत कोणी मोडली नाहीं. उलट प्लातो द बेय ह्या चढावर त्याच पांतानीनें १९९८ सालीं केलेली वेळ २०२४ सालीं स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारनें तीन मिनिटांहून अधिक फरकानें मागें टाकली. एक डोंगर एक सांगतो, दुसरा दुसरें. कारण त्या त्या दिवशीं चढापूर्वीं किती दमछाक झाली होती, पायथ्यापासूनच हल्ला झाला कीं अर्ध्यावरून, हें डोंगर सांगत नाहीं. संशयाचा निकाल रक्ताच्या नोंदींनीं, साक्षीपुराव्यांनीं व तपासानें लागावयाचा. घड्याळाचें काम फार तर कोठें पाहावें तें सुचविण्याचें. आर्मस्ट्राँगचा निकालहि घड्याळानें लागला नाहीं, त्याच्या सहकाऱ्यांनीं शपथेवर दिलेल्या जबान्यांनीं लागला.

वेगाची किंमतहि कोणी तरी देत असतो, हें सांगितल्यावांचून हें भाषण पुरें होणार नाहीं. २००३ सालीं कझाकस्तानचा आंद्रेय किविलेव्ह हा शर्यतींत पडून डोक्याच्या दुखापतीनें मरण पावला, त्यानंतर शिरस्त्राण सक्तीचें झालें. २०२३ सालीं स्वित्झर्लंडचा जीनो मेडर हा घाट उतरतांना दरींत कोसळला आणि दुसऱ्या दिवशीं मरण पावला. सायकल हवेला जितकी निसटती झाली, तितकी ती उतारावर अधिक भरधांव झाली. माणसाचीं हाडें मात्र गारँच्या काळीं होतीं तींच आहेत.

तेव्हां श्रोतेहो, नव्या उच्चांकाची बातमी वाचतांना चार साधे प्रश्न विचारावे : अंतर किती होतें ? रस्ता कसा होता ? वारा कोठून होता ? आणि स्वार एकटा होता कीं समुदायांत ? ह्यांचीं उत्तरें मिळेपर्यंत आजच्या तरुणाला चोर ठरविणें जितकें उतावळेपणाचें, तितकेंच जुन्या स्वारांना मंद ठरविणेंहि. चारशें किलोमीटर खडीच्या रस्त्यानें, रात्रीच्या काळोखांत, अवजड सायकल हाकीत ताशीं २५ किलोमीटरांची सरासरी राखणाऱ्या गारँचे पाय आजच्या कोणत्याहि पायांशेजारीं मानानें उभे राहतील.